झाडं बुटकी झाली नव्हती

मित्रांनो, बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर कधी आलात, तर एका बाजूला उभं असलेलं दोन पंख्यांचं छोटं विमान जरूर बघा. त्याच्या पोटाला एक गोल भोक आहे. भोकाला जाड काच आहे. त्या काचेमागे बसून खाली जमिनीकडे बघतो तो मी. मी एक जुना लेझर स्कॅनर आहे. माझ्या अंगाचा रंग उडालाय, एका कुशीला पोचा आलाय, आणि माझ्या निम्म्या वजनाची नवी यंत्रं आता ड्रोनला लटकून आभाळभर हिंडतात. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगायला बसलो, की आजही माझा आतला आरसा गरगर फिरायला लागतो!

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. धुळीचा कणही येणार नाही अशा खोलीत, पांढरे झगे घातलेल्या माणसांनी मला जोडलं. त्यांनी मला एकच काम शिकवलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा एक बारीक किरण खाली सोडायचा आणि तो कशाला तरी आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. लवकर आला तर वस्तू जवळ, उशिरा आला तर लांब. झालं, एवढंच! पण हे काम मी एका सेकंदात लाखो वेळा करतो. माझा आरसा ते किरण डावीकडून उजवीकडे पसरत जातो, विमान पुढे सरकत राहतं, आणि खालची सगळी जमीन ठिपक्या-ठिपक्यांनी माझ्यात उतरत जाते. घराचं छप्पर, विजेची तार, गोठ्याबाहेर बसलेली म्हैस, काही सुटत नाही.

माझी उमेदीची वर्षं हिमालयात गेली. तिथं मी बर्फाची खोली मोजायचो. तुम्ही म्हणाल, बर्फाच्या वरून उडणाऱ्याला त्याची खोली कशी कळणार? माझा किरण तर बर्फाच्या पाठीवरूनच परत फिरतो. त्याची एक साधी युक्ती आहे. बर्फ पडण्याआधी उघड्या डोंगरावरून एकदा उडायचं आणि बर्फ पडल्यावर पुन्हा त्याच वाटेनं उडायचं. दोन्ही वेळच्या उंचीतला फरक म्हणजे बर्फाची खोली. खाली काही माणसं बर्फात खड्डा खणून त्याचं वजन घ्यायची. मी मोजलेली खोली आणि त्यांनी घेतलेलं वजन एकत्र केलं, की उन्हाळ्यात नदीला पाणी किती येणार ते आधीच सांगता यायचं. काय ते दिवस होते! सूर्य उगवला की सगळी शिखरं एकदम पेटायची, आणि विमानातले लोक माझ्यावर हात थोपटून म्हणायचे, "शाबास!"

मग नवी यंत्रं आली. मला एका पेटीत घालून बेंगळुरूच्या एका गोदामात ठेवलं. काचेवर धूळ बसली, नंतर धुळीवर ओल बसली. कुणी पेटी हलवताना ती खाली पाडली, तेव्हाच हा पोचा आला. मित्रांनो, ज्याचं काम बघणं आहे त्याला अंधारात ठेवलं तर त्याला कसं वाटत असेल, याचा जरा विचार करा.

बेळगावातल्या एका छोट्या मोजणी कंपनीनं मला तिथून सोडवलं. खडेबाजाराजवळ एका माडीवर त्यांचं कार्यालय होतं. माझी पेटी उघडली ती उपासनानं. उपासना निपाणीची. तिची आजी तंबाखूच्या वखारीत राबली, वडील प्रेमानंद शाळामास्तर झाले, आणि ही शिकून मोजणीची इंजिनिअर झाली. तिनं मऊ फडक्यानं माझी काच पुसली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "आरं देवा, किती दिवस कुणी तोंड धुतलं न्हाय रं तुझं?"

तिचे साहेब रविराज मागं उभे होते. ते शिस्तीचे आणि सावध गृहस्थ. ते म्हणाले, "उपासना, जास्त जीव लावू नकोस. हे म्हातारं किती दिवस चालेल सांगता येत नाही."

पण मी चाललो! कणकुंबीकडच्या जंगलातल्या झाडांची उंची मोजायचं काम कंपनीला मिळालं होतं. किती दाट जंगल उभं आहे, ते वाढतंय की खचतंय, हे उंचीवरून कळतं. विमान चालवायला होता नागेंद्र, खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला गडी. हिवाळ्यातल्या एका स्वच्छ सकाळी आम्ही जांबोटीवरून पुढे निघालो, आणि मित्रांनो, मी पहिल्यांदाच एवढं हिरवं बघितलं! बर्फ तर एकाच रंगाचा, गप्प पडलेला. इथं माझा किरण जांभळाच्या शेंड्यावर आपटायचा, उरलेला उजेड पानांच्या फटीतून खाली सरकायचा, मधल्या फांदीवर आपटायचा, तरीही थोडा उरायचाच, आणि शेवटी ओल्या मातीला टेकून परत यायचा. एकाच किरणाचे दोन-तीन निरोप! पहिला निरोप शेंड्याचा, शेवटचा जमिनीचा. दोन्हींतला फरक म्हणजे झाडाची उंची. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळ्यांचे माथे आणि पाय मी एकाच दमात मोजत होतो.

"आक्का, म्हातारं काम करतंय न्हवं?" नागेंद्रनं पुढून ओरडून विचारलं.

"लई झकास करतंय, अण्णा!" उपासना पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

मध्ये एक पावसाळा गेला. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाचे ढग जमायच्या आत, आम्ही तोच पट्टा पुन्हा उडून मोजला. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाच्या टेबलावर साफसफाईसाठी उघडून ठेवलेला होतो. शेजारीच उपासना संगणकावर दोन्ही वेळचे ठिपके एकमेकांवर ठेवून बघत होती. अचानक तिचा हात थांबला.

"सर, जरा हिकडं या की."

कुंभेवाडी नावाची एक लहानशी वाडी डोंगराच्या पायथ्याला आहे. तिच्या वरच्या उतारावर झाडांचे शेंडे मागच्या वेळेपेक्षा खाली आले होते. एकदोन झाडांचे नव्हे, एका सबंध पट्ट्यातले. साधारण कमरेइतके खाली.

रविराज वाकून बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झाडं वर्ष-दीड वर्षात बुटकी होतात काय? यंत्राचं डोकं फिरलंय. मी म्हटलं नव्हतं? त्या पोच्यामुळं आतला आरसा सरकला असणार. हे काम आता नव्या यंत्रानं पुन्हा करावं लागेल."

मला किती लागलं सांगू! मी खोटं बोलत नव्हतो. पण मला तोंड कुठं होतं?

उपासना मात्र उठली नाही. तिनं त्या पट्ट्यातली झाडं एकेक करून उघडली. शेंडा आणि बुंधा, शेंडा आणि बुंधा. मग ती खुर्चीतून ताडकन उभी राहिली.

"सर! झाडांची उंची तेवढीच हाय. उलट बोटभर वाढलीय. झाडं बुटकी झाली न्हाईत. झाडांच्या पायाखालची जमीनच खाली गेलीय!"

"काय?"

"आन् हे बघा, उताराच्या तळाला जमीन वर फुगलीय. वरचं बसलंय, खालचं पुढं आलंय. अख्खा डोंगर झाडांसकट खाली सरकाय लागलाय, सर. आन् खाली वाडी हाय."

रविराजनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "यंत्र चुकलं असेल तर?" ते हळू आवाजात म्हणाले. "लोकांना घरं सोडा म्हणून सांगायचं, आणि नंतर चूक आपली निघाली तर?"

"मग यंत्राची परीक्षा घेऊ या," उपासना म्हणाली. "उद्याच."

परीक्षा सांबऱ्याच्या धावपट्टीवर झाली. धावपट्टीची उंची इंचाइंचानं माहीत असते. ती ना वाढते, ना बसते. नागेंद्रनं विमान तिच्यावरून उभं-आडवं, पुन्हा पुन्हा नेलं. मी जीव एकवटून किरण सोडत होतो. हिमालयातली सगळी वर्षं एका बाजूला आणि तो एक तास एका बाजूला! मग दक्षिणेकडून ढग येताना दिसले. नागेंद्र म्हणाला, "आक्का, कणकुंबीच्या अंगाला अजून उघाड हाय. आत्ता गेलो तर गेलो. जाऊ काय?" उपासना म्हणाली, "सोडा अण्णा, बिनघोर सोडा!" आणि आम्ही धावपट्टीवरून तसेच वळून डोंगराकडे सुटलो. ढगांच्या मधल्या एका फटीतून मी कुंभेवाडीचा उतार तिसऱ्यांदा मोजला. माझ्या मागोमाग ती फट मिटली.

संध्याकाळी निकाल आला. धावपट्टी जिथल्या तिथं होती. उतार आणखी थोडा बसला होता.

रविराज माझ्याजवळ आले. माझ्या पोच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. त्या रात्री मला साध्या चादरीऐवजी नव्या मऊ कापडात गुंडाळून ठेवलं गेलं.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. माझी काच पुसता पुसता उपासना नागेंद्रला सांगायची, ते ऐकलेलं आहे. ती आणि रविराज तालुक्याच्या साहेबांना घेऊन वाडीवर गेले. वाडीत मोजकीच घरं. सगळ्यांत वडीलधाऱ्या नागुबाई. त्या अंगणात फणसाच्या झाडाखाली बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "उडत्या इमानातनं बघून माझं घर जानार म्हनतीस व्हय गं? ह्यो डोंगर माझ्या सासऱ्याच्या आधीपासनं हितं हाय."

"आज्जी, डोंगर हायच. पण त्यो हलाय लागलाय. चला, वर जाऊन बघू या."

नागुबाईंचा मुलगा भरमू बरोबर गेला. माझ्या ठिपक्यांत जिथं पायरीसारखी रेघ दिसत होती, नेमक्या त्याच जागी ते पोचले. पण दिसेना काहीच. सगळीकडे वाळलेल्या पानांचा गुडघाभर थर. भरमू म्हणाला, "ताई, हितं कायबी न्हाय बघा," आणि त्यानं हातातली काठी पानांत टेकवली. काठी आत गेली. आणखी आत गेली. त्याच्या मुठीपर्यंत काठी गेली, तरी भेगेचा तळ लागला नाही.

भरमूनं काठी सोडून दिली आणि दोन पावलं मागं सरला. "आये..." एवढाच शब्द त्याच्या तोंडून निघाला.

तरीही घर सोडणं सोपं असतं काय, मित्रांनो? खाली येऊन भरमूनं सगळं सांगितलं, तरी नागुबाई अंगणातून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आन् डोंगर पडलाच न्हाय तर?"

उपासना त्यांच्याशेजारी मातीतच बसली. "तर पावसाळा सरल्यावर माझ्या घरी निपाणीला या आन् दारात उभं ऱ्हाऊन मला शिव्या द्या. मी ऐकून घेईन. पण पडला आन् तुम्ही हितं असला, तर शिव्या द्याय कोण ऱ्हाईल, आज्जी?"

नागुबाई खुदकन हसल्या. "बोलतीस बरी. ए भरम्या, गाई सोड."

वाडी उठली! गाई, शेळ्या, भांडी, देव्हारे, सगळं घेऊन लोक डोंगरापासून दूरच्या एका शाळेत राहायला गेले. पाऊस सुरू झाला. मला आता काम नव्हतं, कारण ढगातून मला दिसत नाही. विमान ठेवायच्या हँगरमध्ये झाकून पडलेला मी रोज कान देऊन ऐकायचो. डोंगर पडला का? नाही. आज? नाही. पाऊस कोसळत होता आणि डोंगर उभाच होता. शाळेतले लोक कंटाळले. गळणारं छप्पर, एकाच खोलीत चार चुली. उपासनाला फोन यायचे, "ताई, अजून किती दिवस?" तिचा चेहरा उतरत चालला होता. एकदा ती माझ्यावरचं कापड काढून नुसतीच बसून राहिली. "आपण चुकलो न्हाय न्हवं रं?" ती म्हणाली. माझ्यात वीज असती तर मी त्या क्षणी लाखो किरणांनी उत्तर दिलं असतं!

नागपंचमी आली. सण आपल्या घरातच करायचा, म्हणून वाडीतल्या बायाबापड्यांनी सकाळपासून बोचकी बांधली. एका दिवसापुरतं जाऊन यायचं, एवढंच. भरमूनं उपासनाला फोन करून सांगितलं, "ताई, माझं कोण ऐकंना झालंय. सगळी निघालीत." उपासना तशीच गाडीत बसली, पण बेळगावहून तिथं पोचायला पावसात वेळ लागणार होता.

तिथं त्यांना अडवलं ते नागुबाईंनी. शाळेच्या फाटकात पाट टाकून त्या बसल्या. पाटासमोर त्यांनी मातीचा नाग केला, त्याला लाह्या वाहिल्या आणि म्हणाल्या, "पंचमी हितंच. ज्याला जायचं हाय त्यानं मला वलांडून जावं." सुना चिडल्या, पोरं रडली, एकदोघं फाटकापर्यंत येऊन परतही फिरले. म्हातारीला कोण ओलांडणार?

उपासना जांबोटी ओलांडून पुढं आली होती. तिनं नागेंद्रला काहीतरी विचारायला फोन लावला होता आणि तो हँगरमध्ये माझ्या शेजारीच उभा होता. बोलता बोलता तिच्याकडं दुसरा फोन आला. तिनं तो याच फोनला जोडला, त्यामुळं नागेंद्रच्या हातातल्या फोनमधून मलाही ऐकू आलं. भरमू ओरडत होता, "ताई! डोंगर आला! ताई, डोंगर आला खाली!"

"माणसं? भरमूदादा, माणसं कुठं हाईत?"

"हाईत! सगळी हाईत! एकेकाला हात लावून मोजलं मी. सगळी हितंच हाईत, ताई!" आणि मग तो गडी फोनवरच हुंदके देऊन रडायला लागला. इकडं नागेंद्र माझ्या पाठीवर धपाधप हात मारत होता. "म्हाताऱ्या! म्हाताऱ्या, वाचवलीस की रं समदी!" खरं तर वाचवलं होतं उपासनानं आणि नागुबाईंनी. पण तो मार मला फार गोड लागला.

पाऊस उघडल्यावर आम्ही पुन्हा उडालो. मी सवयीनं किरण सोडला आणि शेंड्याच्या निरोपाची वाट बघू लागलो. निरोप आलाच नाही. किरण खाली, आणखी खाली गेला आणि लाल मातीला आपटला. ज्या झाडांचे माथे मी तीनदा मोजले होते, ती एकमेकांवर आडवी पडली होती. नागुबाईंचा फणस, त्याखालचं अंगण, घरांच्या भिंती, काहीच नव्हतं. मित्रांनो, त्या दिवशी मी माझं काम चोख केलं, पण माझा आरसा जड झाला होता.

सरकारनं वाडीला नवी जागा दाखवली. रस्त्याजवळची, मोकळी, बरीचशी सपाट. पाया खणायला यंत्र आलं, तेव्हा नागुबाईंनी हात आडवा केला. "थांबा. आधी त्या इमानातल्या म्हाताऱ्याला दावा. तेनं बगितल्याबिगर मी हितं चूल मांडनार न्हाय."

आणि एवढ्यासाठी आम्ही खास उडालो! त्या जागेवरून, तिच्या मागच्या टेकडीवरून, आजूबाजूच्या ओढ्यांवरून. हे एकदाच करून भागणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा उडायचं, हेही रविराजनी तेव्हाच ठरवून टाकलं. माझ्या जागी नवं यंत्र आणायची गोष्ट त्यानंतर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. एखादं यंत्र जुनं दिसलं म्हणून ते अंधारात टाकू नका, त्याची काच पुसून बघा. तुमच्या गावामागच्या डोंगराकडे फक्त सुट्टीत फिरायला जाण्यापुरतं बघू नका. त्याच्यावरची झाडं राखा, आणि त्याची विचारपूस एकदाच करून थांबू नका. बर्फ असो, जंगल असो, दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय काय बदललं ते कुणालाच कळत नाही, मलाही नाही.

त्या नव्या जागेचे ठिपके उपासनानं उघडले, तेव्हा मी टेबलावरच होतो. जमिनीपासून थोडंसं वर जे जे असतं, त्याला संगणक आपोआप झुडूप समजतो आणि हिरवा रंग देतो. त्या उघड्या माळाच्या बरोबर मध्यभागी हिरव्या झुडपांचा एक घोळका उगवला होता.

"हे काय? परवा जाऊन बघितलं तेव्हा तिथं गवताची काडीही नव्हती," रविराज म्हणाले.

उपासनानं चित्र मोठं केलं आणि हसत हसत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. झुडपांना डोकी होती. आमच्या विमानाचा आवाज ऐकून अख्खी कुंभेवाडी माळावर धावत आली होती.

"झुडपं न्हाईत, सर," ती म्हणाली. "हात वर केलेली माणसं हाईत."